जपानी पोथी

ज्ञानोबामामा शेवटी शेवटी भ्रमिष्ट झाले होते, असं सेलूत अजून बोललं जातं. माझ्यासमोर कुणी बोललंच तर त्या बाईचा ब्लाऊज मी सणाच्या आत शिवून देत नाही. मग बसा म्हणावं बोलत. अकरा वर्षं त्यांचं दुकान आणि माझं दुकान यांच्यात भिंत एकच होती, तीपण एका विटेची. पलीकडं कुणी शिंकलं तर इकडं माझी टीप वाकडी जायची. माणूस डोक्यानं ठीक आहे की नाही हे मला तोंड न बघतासुद्धा कळलं असतं.

मामा मूळचे झरीचे. गावात श्रावणात देवळात पोथी वाचायचे. आवाज भरदार, आणि ओवी झाली की अर्थ सांगायची पद्धत अशी की पोरंबाळंसुद्धा उठून जायची नाहीत. पुढं टीव्ही दुरुस्ती शिकले आणि सेलूत स्टेशनकडून मोंढ्याकडं येणाऱ्या रस्त्यावर दुकान टाकलं. एकदा कुणी गेम खेळायचं मशीन दुरुस्तीला ठेवून गेला, तो परत आलाच नाही. मामांनी ते चालू करून बघितलं आणि त्या दिवसापासून टीव्ही मागं पडले. दोन वर्षांत दुकानात चार मशीनं झाली. लोक तासावर खेळायला येऊ लागले, सीड्या विकत नेऊ लागले. मी म्हटलं, "मामा, ह्या वयात हे काय खूळ?"

"खूळ न्हाई सुमन. ह्यात गोष्ट हाय," मामा म्हणाले. "लय मोठी गोष्ट. चाळीस चाळीस, साठ साठ तासाची."

मारामारीचे आणि गाड्या पळवायचे खेळ त्यांनी ठेवलेच नाहीत. ठेवले फक्त गोष्टीचे. एक माणूस होऊन जगभर हिंडायचं, सोबती जमवायचे, राक्षस मारायचे, गावं वाचवायची, असे. त्यातही दोन फळ्या. डाव्या फळीवर विलायती, म्हणजे अमेरिका-युरोपकडचे. उजव्या फळीवर जपानी. बसायची व्यवस्थापण वेगळी. विलायतीवाल्यांना प्लास्टिकच्या खुर्च्या, पायात चपला चालतील. जपानीवाल्यांना सतरंजी, आणि चपला दाराबाहेर. कुणी चपलेसकट सतरंजीवर पाय ठेवला की मामा काही बोलायचे नाहीत, नुसते त्या चपलेकडं बघत राहायचे. तो गडी मुकाट्यानं चपला बाहेर ठेवून यायचा.

सीडी मागणाऱ्याला ते आधी विचारायचे, "घरी कोण कोण हाय?" ह्याच्यावर कुठली द्यायची ते ठरायचं. ह्यामागं काय हिशेब होता ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. मी विचारलं तर म्हणायचे, "कापड बघून तू सुई बदलतीस ना? तसंच."

हैदराबादहून माल घेऊन एक फिरता व्यापारी यायचा. तो दर खेपेला डोकं धरायचा. म्हणायचा, "मामा, जपानी माल घेऊ नका. विलायती हातोहात जातो, हा फळीवर सडतो." एकदा मामांनी त्याला चहा पाजला आणि विचारलं, "जपानात कोणता खपतो?"

"त्यांचाच की."

"अन् अमेरिकेत?"

"जास्त करून त्यांचा."

"मंग सेलूत कोणता खपायला पाहिजे? दोनी आपले न्हाईत."

व्यापारी चहा पिऊन निघून गेला, पण मामांच्या डोक्यात तो भुंगा राहिला. आठ-दहा दिवस येईल त्याला विचारायचे. मी काजं करत बसलेली, मला येऊन विचारलं. मी म्हटलं, मला त्यातलं घंटा कळत नाही, मला काम करू द्या. मग एक दिवस स्वतःच उत्तर घेऊन आले.

"सुमन, विलायती खेळात पयलं काम काय म्हाईत हाय? सोताचं तोंड बनवायचं. नाक कसं, डोळे कसे, मिशी पाहिजे का न्हाई. मंग वाट्टंल तिकडं जा. घोडं चोर, राजा हो, न्हाईतर नुसतं मासे धरत बस. कुणी इचारणार न्हाई. अन् जपानीत तोंड आधीच बनलेलं. नाव आधीच ठेवलेलं. आईबाप, दुःख, सगळं लिहून आलेलं. आपून फकस्त त्याच्यासंगं चालायचं."

"मग?"

"मंग काय? सोताचं तोंड कोणाला नको? म्हणून विलायती खपतंय."

ते तोंडाचं प्रकरण मी डोळ्यांनी बघितलंय. ताडकळसकडचा एक ऊसतोड करणारा गडी सेलूत सासरवाडीला आला की मामांकडं यायचा. विलायती खेळात त्यानं हुबेहूब स्वतःसारखा माणूस बनवला होता, गालावरच्या व्रणासकट. दसरा झाला आणि तो टोळीबरोबर कारखान्याला गेला. चार दिवसांनी बघते तर मामा ते मशीन लावून बसलेले. पडद्यावर तो गडी एका माळावर उभा. आत पाऊस पडायचा, थांबायचा, ऊन पडायचं, आणि हा आपला उभाच.

"उभा ठेवून गेलाय बग," मामा म्हणाले. "सहा महिने उभं ऱ्हायचं म्हंजी काय गंमत हाय का?" मग त्यांनी त्याला चालवत चालवत एका घरात नेलं, चुलीजवळ बाकावर बसवलं आणि मशीन बंद केलं. मी हसले. हसले खरी, पण त्या बसलेल्या माणसानं बंद व्हायच्या आधी मान वळवून दाराकडं बघितलं, ते मला आवडलं नाही. मी आपली माझ्या दुकानात येऊन बसले.

आता मूळ गोष्टीवर येते. ती गयामामींची आहे.

मामी म्हणजे मामांची बायको. मूलबाळ नव्हतं. शुगरनं मामींचे डोळे गेले आणि दोन-तीन वर्षांत किडन्यांनीपण मान टाकली. आठवड्यातून दोनदा परभणीला डायलिसिस. बाकीचे दिवस दुकानाच्या मागच्या खोलीत बाजेवर. दुपारी दोन ते चार मोंढ्याचा रस्ता सुना पडतो, गिऱ्हाईक नसतं. तेव्हा मामा एक जपानी खेळ लावायचे आणि मामींना वाचून दाखवायचे. पडद्यावर खाली इंग्रजी वाक्यं यायची. मामांचं इंग्रजी सर्किटच्या कागदापुरतं. पण शेजारी डिक्शनरी ठेवून एकेक वाक्य लावायचे आणि मग पोथीसारखा अर्थ सांगायचे. तीन वर्षं हे चाललं. भिंतीमुळं मलापण फुकट श्रवण.

गोष्ट अशी होती. एका मुलखावर धुकं बसलंय आणि ते हटतच नाही. ज्या गावावर बसलं त्या गावातली माणसं एकमेकांना ओळखेनाशी होतात. चौघंजण त्या धुक्याच्या उगमाकडं निघालेत. एक मीठ विकणारा पोरगा, एक म्हातारा शिपाई, एक मुका नावाडी आणि एक दिवेवाली. दिवेवाली म्हणजे पुढं कंदील घेऊन चालणारी पोरगी. मामा तिचं बोलणं अशा काही ढंगात सांगायचे की माझा पाय मशीनवर थांबायचा. तिचे पाय दुखायचे, तिला शिपायाच्या घोरण्याचा वैताग यायचा, आणि कुठलंही गाव आलं की ती पहिल्यांदा विचारायची, इथं खायला काय मिळतंय. तिची आई घरी वाट बघत होती. मामींचा सगळा जीव त्या पोरीत. डायलिसिसहून आल्या, अंगात त्राण नाही, तरी विचारायच्या, "दिवेवाली कुठवर आली?"

आणि एका पावसाळ्यात चौघं शेवटच्या दारापाशी पोचले. दार उघडलं की शेवटची लढाई आणि गोष्ट संपली. मामा तिथं थांबले.

का थांबले ते मला त्यांनीच सांगितलं. त्यांच्या गावात पोथीची समाप्ती झाली की लगेच, त्याच बैठकीला, पहिल्या अध्यायाच्या चार ओव्या वाचायच्या. गोष्ट संपली असं ठेवायचं नाही. एका वर्षी समाप्तीला गोंधळ झाला, जेवणाची पंगत बसली आणि त्या चार ओव्या राहिल्या. वाचणारे मामाच होते. महिन्याच्या आत त्यांची आई गेली.

"तुमी सुरुवात लावा की मग लगेच. अवघड काय त्यात?" मी म्हटलं.

"पोथी माझ्या हातात असती, सुमन. हितं शेवट झाला की खेळ बनवणाऱ्यांची नावं येतेत, मंग अंधार. तो अंधार किती येळचा ते मशीनच्या हातात. तेवढ्यात काय झालं तर?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "गया बरी झाली की वाचू."

गया बरी होणार नाही हे त्यांनापण ठाऊक होतं. म्हणून ते रोज दुपारी खेळ लावायचे आणि त्या चौघांना दारापासून मागं फिरवायचे. जुन्या गावांतून, जुन्या रस्त्यांवरून, नुसतं हिंडवायचे. पाऊसकाळ गेला, हिवाळा गेला. भिंतीतून रोज तेच सूर यायचे, दाराजवळ येईपर्यंत चढत जायचे आणि मग मागं फिरायचे. मामी चिडायच्या. "मला शेवट ऐकायचाय," म्हणायच्या. "ती पोरगी घरी पोचती का न्हाई, एवढं कळलं की बास." मामा चौघांना पुन्हा मागं फिरवायचे. एवढ्या प्रेमाच्या माणसांचं एवढं भांडण मी दुसरं बघितलं नाही.

चैत्रातली दुपार होती. डायलिसिसच्या सरकारी योजनेच्या कागदावर सही आणायला मामा परभणीला गेले होते आणि मामींपाशी मला बसवून गेले होते. ऊन असं की रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. मामी बाजेवर कुशीवर वळल्या. मग म्हणाल्या, "सुमा, ते लाव."

मी नाही नाही म्हटलं. मला रिमोट कुठून धरायचा ते माहीत नाही, मामा चिडतील, सगळं सांगून बघितलं.

"मी सांगते कसं ते," मामी म्हणाल्या. "माझ्यापाशी येळ न्हाई गं. त्यांच्यापाशी हाय, म्हणून ते फिरवायलेत."

मी लावलं.

तीन वर्षं नुसतं ऐकून त्या आंधळ्या बाईला तो मुलूख पाठ झाला होता. "पाण्याचा आवाज डाव्या अंगाला आला का? मंग सरळ. आता पायाखाली फरशी वाजायलीय, हां, आता थांब. हेच दार." पडद्यावर माणसं तीनच दिसत होती. पोरगा, म्हातारा आणि नावाडी. मला वाटलं चौथी मागून येत असेल.

दार उघडलं. आत काय होतं ते मला नीट सांगता येणार नाही. धुकंच होतं, पण त्याला श्वास होता. पहिल्यांदा आम्ही हरलो. दुसऱ्यांदा मामी उशाला टेकून उठून बसल्या. "ते दम घ्यायलंय. थांब... थांब... आता दाब!" मी दाबायची. "आता नको. ते हसायलंय." मला हसणं ऐकूच येत नव्हतं, पण त्या म्हणतील तसं मी करत गेले. आणि ते पडलं. माझ्यासारख्या बाईच्या हातून पडलं.

धुकं हटलं. गावं दिसायला लागली. मामींनी माझं मनगट धरलं होतं. "वाच," म्हणाल्या.

मी दहावी शिकलेली, मला ते पळतं इंग्रजी कुठं वाचता येतंय? जे दिसत होतं ते सांगत गेले. शेवटी एक छोटं घर आलं. एका म्हातारीनं दार उघडलं, रस्त्याकडं बघितलं. रस्ता मोकळा होता. बराच वेळ बघून तिनं दार लावून घेतलं. दिवेवाली नव्हतीच. कुठंच नव्हती.

"पोचली का?" मामींनी विचारलं.

"पोचली," मी म्हटलं. "आईनं दार उघडलं."

"काय म्हणली आई?"

काहीतरी बोलायला पाहिजे होतं. "पाय धू, म्हणली."

मामी हसल्या. डोळ्यांतून पाणी आलं आणि हसल्यापण. "हां," म्हणाल्या. "आला मला आवाज." बिचारी माझी समजूत काढतीय असं मला वाटलं.

पडद्यावर नावं यायला लागली. तेवढ्यात माझ्या दुकानासमोरून कुणीतरी हाका मारल्या. मी मशीन बंद केलं आणि पळाले. गिऱ्हाईकाचं माप घेता घेता, छातीवर टेप धरलेला असताना, मला पहिल्या अध्यायाची आठवण झाली. परत गेले तर मामी झोपल्या होत्या. मशीन पुन्हा लावायचं धाडस मला झालं नाही.

संध्याकाळी मामा आले. थोड्या वेळानं माझ्या दारात येऊन उभे राहिले. मशीन सगळी नोंद ठेवतं, त्यांना कळलंच होतं. मला वाटलं आता ऐकवतील. त्यांनी एवढंच विचारलं, "सुरवात लावली व्हती का?"

"नाही, मामा."

त्यांनी मान हलवली आणि गेले. लगेच भिंतीतून खेळाच्या सुरुवातीचे सूर ऐकू आले. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्यांना घाईघाईत वाचताना ऐकलं.

मामी सतराव्या दिवशी गेल्या. डॉक्टर म्हणाले, किडनीचा पेशंट होता, एवढे दिवस काढले हेच खूप. मीपण स्वतःला तेच सांगते. पण गिऱ्हाईकाच्या छातीवर टेप धरला की अजून हात थांबतो.

तेरावं झाल्यावर बालाजी आला होता मामांना भेटायला. जिनिंगमध्ये फिटर आहे, आणि सतरंजीवर बसणाऱ्या पाच-सहा गिऱ्हाइकांतला एक. मामा घरात नव्हते म्हणून माझ्याकडं टेकला. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "त्या धुक्याच्या खेळात ती दिवेवाली शेवटी दिसत कशी नाही रे?"

"दिसंल कशी, काकू? ती तर दुसऱ्या सीडीतच मरती. त्या खेळातली तीच तर मोठी गोष्ट हाय. आमी पोरं रडलो व्हतो."

मी हातातलं कापड खाली ठेवलं. दुसऱ्या सीडीत, म्हणजे पहिल्या वर्षीच. मग पुढची दोन वर्षं मामा जिचं बोलणं सांगत होते, जिचे पाय दुखत होते, जी खायला काय मिळतंय विचारत होती, ती सगळी मामांनी पदरची घातलेली. आजारी बायकोसाठी माणसानं एक मेलेली पोरगी दोन वर्षं जिवंत ठेवली. मला मामांचं एवढं कौतुक वाटलं की मी तिथंच रडले. बालाजी घाबरून गेला.

महिन्याभरात मामांनी दुकान आवरलं. विलायती फळी त्या हैदराबादच्या व्यापाऱ्यानं उचलली, खुशीत उचलली. जपानी सीड्या आणि एक मशीन मामांनी पोत्यात भरलं. झरीला भावाकडं राहायला निघाले होते. दुपारीच निघाले. रिक्षा यायला वेळ होता म्हणून माझ्याकडं येऊन स्टुलावर बसले. दाढी वाढलेली, पण नजर नेहमीसारखी शांत.

"सुमन, शेवट मी अजून बघितला न्हाई," ते म्हणाले. "तू बघितलास. गया सांगायची, दिवेवाली घरी पोचली म्हणून."

मला आता खोटं बोलवेना. मी म्हटलं, "मामा, नाही पोचली. ती तिथं नव्हतीच. बालाजीनं मला सगळं सांगितलंय. तुम्ही मामींसाठी तिला जिवंत ठेवलंत, मग मीपण तेच केलं. तुमच्यासारखं जमलं नाही, पण केलं."

मला वाटलं मामा हसतील, नाहीतर रडतील. ते माझ्याकडं बघतच राहिले.

"मी कशाला ठिऊ?" ते म्हणाले. "मी पोथी वाचणारा माणूस. पदरचा एक शबूद घालत न्हाई. ती बोलायची, खाली लिहून यायचं, मी डिक्शनरीत बघून सांगायचो."

"मामा, बालाजी म्हणतोय ती दुसऱ्या..."

"बालाजीच्या सीडीत मेली आसंल."

बाहेर रिक्षाचा हॉर्न वाजला. मामा उठले, पोतं खांद्यावर घेतलं. दारात थांबून म्हणाले, "तू एक मातर इसरलीस गयाला सांगायचं. तिनं सोता ऐकलं म्हणून बरं. मला सांगितलं तिनं."

"काय?"

"आई आधी म्हणली, कंदील इझव, घरात उजेड हाय. मंग म्हणली, पाय धू."

रिक्षा गेली. मी दारात उभी होते. त्या दुपारी कंदिलाबद्दल मी एक अक्षर बोलले नव्हते.